पडदा कोणत्या रंगाचा?

६ जानेवारी

प्रिय भोंग्या,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमनने ते दाराच्या फटीतून आत सरकवलं तेव्हा मी भांडी घासत होते. वरचं अक्षर पाहिलं आणि साबणाचे हात तसेच घेऊन खाली बसले. इतक्या वर्षांनी परदेशातून लिहिलंस आणि त्यात 'ताई, कशी आहेस' एवढंसुद्धा नाही. असो. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण विंगेत नटांना शब्द पुरवत प्रॉम्प्टरच्या त्या स्टुलावर जन्म काढून कोणाचे गुडघे धड राहिलेत? आता सकाळच्या वेळी थिएटरच्या तिकीटखिडकीवर बसते. तिथे निदान खुर्चीला पाठ आहे.

तुझी चिठ्ठी पाठ झाली. पाठ व्हायला आहे काय तीत. 'माझ्या नाटकाचं चित्रण तयार होतंय, झालं की पाठवतो. आप्पांना दाखव. बघून झाल्यावर ते काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव. त्यांना प्रॉम्प्ट करू नकोस.' शेवटचं वाक्य लिहिताना तू हसला असशील, असं मी धरून चालते. हसला नसशील तर मला वाईट वाटेल.

आप्पांना पाकीट दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, कडा अंगठ्याने चाचपल्या आणि म्हणाले, "लिफाफा चांगला आहे. टिकाऊ." मग खिडकीपाशी जाऊन बसले ते अंधारून येईपर्यंत हलले नाहीत. मी दिवा लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे गं, दिसतंय मला."

पाकिटातली वर्तमानपत्रांची कात्रणं मात्र सगळी इंग्रजीत. फोटोतला तू ओळखू आलास. केस पिकलेत, पण डाव्या खांद्यावर भार टाकून उभं राहायची खोड गेलेली नाही. तुझं नाव कुठे कुठे आहे तेही सापडलं. त्याच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते मात्र कळेना. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला विचारता आलं असतं, पण तुझ्याबद्दलचं बरंवाईट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नाही. म्हणून वाचनालयात दुपारचा इंग्रजीचा वर्ग चालतो, तिथे नाव घातलं. या वयात. हस आता.

एक विचारायचं राहिलं. तिथल्या थिएटरचा पडदा कोणत्या रंगाचा आहे?

तुझी
ताई

३० जानेवारी

प्रिय भोंग्या,

तुझं उत्तर नाही, पण मी तुझ्या उत्तरावर थोडीच अडून बसणार.

वर्गात आम्ही मोजकीच माणसं आहोत. परदेशात नोकरी मिळवू पाहणारी एक नर्स आहे, गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून येणारे एक टॅक्सीवाले काका आहेत, आणि इतर दोघंतिघं कधी असतात, कधी नसतात. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, मला मुलगी असती तर. पुस्तकात सुरुवातीला विमानतळ, हॉटेल, दवाखाना असे धडे आहेत. मी बाईंना म्हटलं, "मी विमानात बसणार नाही आणि दवाखान्यात मला बोलायची वेळ येऊ नये. मला नाटकाचं काही असेल तर द्या." त्या हसल्या आणि त्यांनी थेट शेवटचा धडा उघडला. नाटक पाहून आल्यावर काय बोलावं, हा अख्खा धडा.

अरे, काय एकेक शब्द आहेत. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात ते स्टँडिंग ओव्हेशन. आपल्याकडे लोक उभे राहायचे ते शेवटची बस गाठायला. टाळ्या पडल्या पण जीव ओतून नाही पडल्या, तर ते लूकवॉर्म रिसेप्शन, म्हणजे कोमट. एकाने डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्याने आपटलं, तर मिक्स्ड रिव्ह्यूज. सगळ्यांनीच धू धू धुतलं तर ते नाटक पॅन्ड झालं. माणूस जागचा हलू शकला नाही तर तो स्पेलबाउंड. बारक्या भूमिकेतला नट सगळ्यांवर भाव खाऊन गेला तर त्याने म्हणे शो चोरला. टॅक्सीवाले काका म्हणाले, "मग तक्रार कुठे करायची?"

बाईंनी मला विचारलं, "हाउ डिड यू फाइंड द प्ले?" मी म्हटलं, सोपं होतं, बसस्टॉपच्या समोरच थिएटर आहे. सगळे हसले. मीही हसले, कारण 'नाटक कसं वाटलं' हा अर्थ नंतर कळला तरी वाटलं, शब्दशः घेतला तर प्रश्न खरंच चांगला आहे. तुला ते नाटक कसं सापडलं. आपल्या घरात असं कोणी कोणाला विचारलं नाही.

आपल्याकडे एकच वाक्य होतं ना रे. आई गेल्यावर आप्पांनी आपल्याला विंगेतच वाढवलं. तू ट्रंकेवर झोपायचास, मी दिव्याखाली अभ्यास करायचे आणि ते पडद्याच्या दोराशी उभे. प्रयोग चांगला होवो, वाईट होवो, दर्शनी पडदा खाली आला की तळहात धोतराला पुसत आप्पा म्हणायचे, "पडदा वेळेवर पडला." झालं. लोक रडत बाहेर गेले तरी तेच, आणि जांभया देत गेले तरी तेच. नटमंडळी त्यातून काय ते काढून घ्यायची. कोणी म्हणे, आज आप्पांचा आवाज जरा मऊ होता. मी इतकी वर्षं ऐकलं, मला काही मऊबिऊ जाणवलं नाही.

हे सगळे शब्द मी आता रस्त्याने घोकत येते. स्टनिंग, ग्रिपिंग, मूव्हिंग. आप्पा खिडकीतून विचारतात, "काय गं, जप करतेस का?"

पडद्याचा रंग कळव.

तुझी
ताई

२२ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

पहिलं कात्रण वाचून पुरं झालं. डिक्शनरीचं पान पान उलटलं, पण पुरं केलं. आता मला तुझं नाटक माहीत आहे. एक माणूस रिकामं करायच्या घरात सामान बांधत असतो. बायको गेली, मुलं दूर, घर विकलंय. पहिल्या अंकात खोली वस्तूंनी गच्च भरलेली आणि शेवटी एक खोकं तेवढं उरतं. तू त्या खोक्यावर बसतोस. आणि मग, तो टीकाकार लिहितो, तू काहीच करत नाहीस, आणि ते बघत राहावंसं वाटतं. ते वाक्य मी तीनतीनदा तपासलं. तू आणि काहीच न करणं? लहानपणी तू शेजारच्या घरी कपभर साखर मागायला गेलास तरी चौकातली माणसं वर बघायची. म्हणून तर भोंगा.

तेव्हापासून मला तुझं नाटक दिसायला लागलंय. झोपेत असं नाही, दुपारी तिकीटखिडकी बंद करून जरा टेकले की दिसतं. मी मागच्या रांगेत कडेला बसलेली असते. खुर्च्या मऊ, पाय टेकत नाहीत. आजूबाजूची माणसं कोटांत, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक खोकं. मला वाटतं, ही सगळी आपलं घर रिकामं करून इथे आली आहेत. तू एकेक वस्तू कागदात गुंडाळतोस. कपबशी, आरसा, आपला विंगेतला दिवा, माझं स्टूलसुद्धा. स्टूल गुंडाळताना कागद पुरत नाही, म्हणून तू प्रेक्षकांकडे बघतोस आणि पहिल्या रांगेतला माणूस निमूटपणे आपलं वर्तमानपत्र पुढे करतो. मला हसू येतं, पण तिथे हसण्याचा आवाजच होत नाही. सगळं पाण्याखाली असल्यासारखं सावकाश.

आणि दरवेळी शेवटी पडदा येतो. तो आपलाच आहे, गडद तांबडा, खालच्या कोपऱ्यात मी लावलेलं ठिगळ. इतक्या दूर तो कसा आला, असं मला दरवेळी वाटतं, आणि पडदा जमिनीला टेकायच्या आत मी जागी होते. ठिगळाचं टोक फक्त दिसतं. पडदा पुरा पडलेला मी एकदाही पाहिलेला नाही.

म्हणून विचारते आहे रंग. खरा रंग कळला तर मी तोच घालीन.

आप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मागच्या रांगेतून कसलं दिसणार. पुढे बसत जा."

तुझी
ताई

११ मार्च

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र आलं. या खेपेला 'ताई, कशी आहेस' आहे. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण पुढचं मी दोनदा वाचलं.

तू लिहितोस, चित्रण पुढच्या महिन्यात येईल, आणि ते बघूनही आप्पा 'पडदा वेळेवर पडला' म्हणाले तर तेवढंच कळव आणि यापुढे पत्र लिहू नकोस. तिथे तुला सगळे शब्द मिळाले, माझ्या धड्यातले सगळे, आणि तरी प्रयोग संपल्यावर तुला तेच एक वाक्य ऐकू येतं. ते पुन्हा ऐकायचं असेल तर तुला इकडे परत यायला काही कारण उरलं नाही. असं लिहितोस, आणि मला सांगतोस की मी बोट लावायचं नाही.

मला तुझं म्हणणं कळतं. तो दिवस मलाही विसरता येत नाही. मी तर तुम्हा दोघांच्या मध्ये बसले होते. एका बाजूला तू, उजेडात, नावाड्याच्या वेशात, हातात कंदील. दुसऱ्या बाजूला आप्पा, अंधारात, दोर धरून. नाटक नवं होतं, पहिला प्रयोग. शेवटचं वाक्य तुझं.

आणि आपल्या कंपनीचा तो नेम. शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही. समोर माणसं बसल्याशिवाय नाटक पुरं करायचं नाही, म्हणजे नाटक रुसतं. आजोबांनी घालून दिलेला नेम, कोणी मोडला नाही. तालमीत तू त्या जागी ओठ मिटून नुसता उभा राहायचास, दिवा उतरायला, मंद व्हायला लागायचा, आणि आप्पा मनातल्या मनात मोजायचे. कुठल्या आकड्याला दोर सोडायचा ते त्या मुक्या उभं राहण्यावरून ठरायचं. पुढच्या प्रयोगांना काय तो कमीजास्त करून घ्यायचे. पहिल्या प्रयोगाला मात्र तालमीतला आकडा.

तालमीत रिकाम्या खुर्च्या होत्या. त्या दिवशी माणसं होती. तू कंदील वर केलास आणि सगळं सभागृह गप्प झालं. पुस्तक मांडीवर उघडं असून मीसुद्धा त्यात बघायचं विसरले. तू थांबलास. कुठलाही नट थांबला असता. मग तू वाक्याला सुरुवात केलीस, आणि निम्म्यावर पडदा आला. बाहेर कोणीतरी फिसकन हसलं आणि मग ते पसरलं. तू पडद्याच्या आत कंदील घेऊन तसाच उभा होतास. मला वाटतं, अजून तू तिथेच उभा आहेस.

आणि तू बूट घालत असताना आप्पा दाराशी आले आणि काय म्हणाले, ते मी लिहीत नाही. आपल्या दोघांना ठाऊक आहे. ते मुद्दाम म्हणाले की त्यांच्याजवळ दुसरं वाक्यच नव्हतं, हे मी इतकी वर्षं त्यांना विचारलेलं नाही. मला त्यांचा राग यायचा, मग तुझा यायचा, मग दोघांची आठवण यायची, आणि आप्पा तर घरातच होते.

ते नाटक पुन्हा लागलं नाही. नावाडीच निघून गेला, काय करणार. पुस्तक माझ्या कपाटात आहे.

मी प्रॉम्प्ट करणार नाही. पण तू मला किती अवघड काम दिलंस ते तुला कळत नाही. नटाची जीभ अडखळलेली दिसली की माझे ओठ आपोआप हलतात, अजूनही. परवा वर्गात नर्स एका शब्दापाशी अडली, तर मी बाईंच्या आधी कुजबुजले. बाई म्हणाल्या, "आजी, तिला तिचं तिला आठवू द्या." मी 'आजी' ऐकून घेतलं, पण त्यांचं खरं होतं.

तुझी
ताई

ता. क. रंगाचं तू पुन्हा टाळलंस.

५ एप्रिल

प्रिय भोंग्या,

कबूल करून टाकते. थोडंसं केलं मी.

प्रॉम्प्ट नव्हे. नुसती शब्दांची ओळख करून दिली. रोज संध्याकाळी मी माझा धडा मोठ्याने म्हणते. आप्पा खिडकीत असतात, कानांवर पडतंच. मग एकदा म्हटलं, "आप्पा, ब्रिलियंट म्हणजे लखलखीत." ते म्हणाले, "दिव्याबद्दल असेल." मी म्हटलं, "नाटकालाही म्हणतात." "नाटक लखलखलं तर डोळे दिपतील. दिसणार काय?" दुसऱ्या दिवशी मूव्हिंग सांगितला. म्हटलं, हलवून सोडणारं. ते म्हणाले, "खुर्च्या पक्क्या बसवलेल्या नसतील." अंडरस्टडी म्हणजे काय ते सांगितलं, की मुख्य नट आजारी पडला तर उभा राहायला तयार ठेवलेला. त्यावर मात्र ते खिडकीतून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "दोराला असा कोणी नव्हता. मी आजारी पडलोच नाही."

त्यांचे तळहात तू आता पाहायला हवेस. दोराच्या रेघा अजून आहेत, एकीत मी परवा काडी ठेवली तर ती तिथेच राहिली. थिएटरात आता बटण आहे. बटण बसवलं त्या दिवशी मॅनेजरने त्यांना बोलावून, हार घालून, दाबायला लावलं. यांनी बोट लावलं आणि पडदा आपला आपण उतरला. घरी येईपर्यंत ते त्या बोटाकडे बघत होते.

एक दिवस चिडून मी म्हणाले, "तुम्हाला कोणाला चांगलं म्हणताना जीभ झडते का?" असं मी त्यांच्याशी कधी बोलत नाही. ते म्हणाले, "मोठे, मी समोरून नाटक पाहिलं कधी? माझ्या जागेवरून नटाची पाठ दिसते आणि एक कान. पाठीला काय म्हणायचं, स्टनिंग?" उच्चार अगदी बरोबर होता. म्हणजे ऐकतात.

मला हे कधी सुचलंच नव्हतं. तुझ्याही कधी ध्यानात आलं नसेल. तू त्यांच्याकडून शब्द मागत राहिलास, आणि त्यांनी तुझं काम कधी समोरून बघितलंच नाही. मीही नाही. मी तर पुस्तकात डोकं घालून.

चित्रण बाईंच्या ईमेलवर आलंय. वर्गातच भिंतीवर दाखवायचं ठरलं आहे, सगळ्या वर्गाला, म्हणजे धड्याची उजळणीही होईल. आप्पा यायला तयार नव्हते. "मला भाषा कळत नाही, मी तिथे बसून काय करू?"  स्वतःला चिमटा काढला आणि गप्प बसले. शेवटी त्यांनी आपणच कपाट उघडून विचारलं, "कोट घालावा लागेल का?"

मला भीती वाटते आहे. पहिल्या प्रयोगाला वाटायची त्याहून जास्त. तेव्हा निदान हातात पुस्तक असायचं.

तुझी
ताई

२३ एप्रिल

प्रिय भोंग्या,

लबाडा. पडदाच नाही तुमच्याकडे. मी इकडे पत्रामागून पत्र रंग विचारते आहे आणि तू गप्प. उघडी जमीन, मागे भिंत आणि वर दिवे. एवढंच तुमचं थिएटर.

पण सुरुवातीपासून सांगते.

खिडक्यांना आम्ही तक्त्यांचे जाड कागद चिकटवले, तरी कडेकडेने दुपार आत येत होती. आप्पा कोट घालून पहिल्या बाकावर बसले. मी कडेला. बाईंनी भिंतीवर तू मोठा करून लावलास, माणसाच्या दुप्पट. माझ्या मनात आलं, हे माझ्या दुपारच्या स्वप्नाचंच पुढचं. खुर्ची तेवढी कडक होती.

आप्पांनी आधी सगळीकडे बघून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "पडदा वर गेला कधी?" मी म्हटलं, "नाहीच आहे." "मग लोकांना कळतं कसं सुरू झालं ते?" मी म्हटलं, "बघा ना." मग तू आलास आणि पहिली कपबशी उचललीस, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तुझं काम कसं झालं ते मी आता सांगत नाही. माझ्याजवळ धडाभर शब्द होते आणि मी तो अख्खा वेळ एकही वापरला नाही. फक्त एवढं सांगते की आरसा कागदात गुंडाळताना तू क्षणभर स्वतःकडे बघितलंस, तेव्हा मला आई दिसली. तुझं कपाळ आईचं आहे, हे मला तुझ्या समोर बसल्यावर कळलं.

मी निम्मा वेळ तुझ्याकडे आणि निम्मा वेळ आप्पांकडे बघत होते. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण ते पुढे पुढे सरकत बाकाच्या काठावर आले होते. शेवटचं खोकं उरलं. तू बसलास. दिवा उतरायला लागला. आणि आप्पांचे हात वर आले. एक वर, एक खाली, मुठी आवळलेल्या, दोर धरतात तसे. त्यांना ते ठाऊक नव्हतं. माझे ओठ हलतात तसंच ते.

ते मोजत होते. मला त्यांची हनुवटी हलताना दिसली. तू बसून होतास. दिवा आणखी उतरला. मग ती वेळ आली, भोंग्या. मी जन्मभर त्यांच्याशेजारी बसले आहे, मला ती वेळ कळते. आता मुठी सैल होणार, असं वाटून मी डोळे मिटले. उघडले तर मुठी तशाच. हनुवटी थांबली होती. आप्पा मोजायचे थांबले होते. तू अंधारात दिसेनासा झालास, टाळ्या झाल्या, दिवे आले, तू वाकलास, सगळे वाकले, लोक उठून उभे राहिले. धड्यातलं ते ओव्हेशन मी पहिल्यांदा पाहिलं. आप्पांचे हात वरच होते. 

बाईंनी भिंतीवरचं चित्र बंद केलं. कोणीतरी खिडकीवरचा कागद काढला. नर्स डोळे पुसत म्हणाली, "मूव्हिंग." टॅक्सीवाले काका म्हणाले, "स्पेलबाउंड, बुवा." मग बाई आप्पांकडे वळल्या आणि सवयीने इंग्रजीतच विचारून बसल्या, "अँड यू, सर? हाउ डिड यू फाइंड इट?"

आप्पांना प्रश्न कळला नसेल, पण विचारलंय हे कळलं. त्यांनी हात खाली घेतले. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. आणि मग ते माझ्याकडे वळले. माझे बाबा, प्रॉम्प्टरच्या कोपऱ्याकडे जन्मात न बघितलेला माणूस, माझ्याकडे बघत होते. शब्द दे म्हणून.

माझ्याजवळ होते रे. सगळे होते. तुला हवा तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता, आणि तो मी कुजबुजले असते तर त्यांनी म्हटला असता, आणि तुला मी तो जसाच्या तसा कळवला असता. मी खाली फरशीकडे बघितलं. बाकाचा पाय मोडका आहे, त्याला सुतळी गुंडाळली आहे, ती मोजत बसले. इतकी एकटी मी कधी नव्हते.

"पडदा," आप्पा म्हणाले. मी सुतळीची मोजणी विसरले.

आता लिहिते ते त्यांचं आहे, त्यात माझं अक्षर नाही. ते म्हणाले, "पडदा आज वेळेवर नाही पडला. माझ्याच्याने दोर सोडवेना."

टॅक्सीवाले काका हळूच म्हणाले, "पण पडदा नव्हताच की." बाईंनी मला म्हटलं, "इंग्रजीत सांगाल का आम्हाला?" मला सांगता आलं नाही. मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

वरचं पत्र बंद करणार होते, पण एक राहिलं.

येताना आम्ही चालत आलो. आप्पांनी कोट काढून हातावर घेतला होता. घरी आल्यावर ते खिडकीशी गेले नाहीत. स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"मोठे," ते म्हणाले, "त्या नावाड्याचं शेवटचं वाक्य काय होतं?"

मी पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला.

"तालमीत कोणी म्हणायचं नाही," ते म्हणाले. "आणि त्या दिवशी निम्मं झालं. मी ते कधी ऐकलंच नाही. किती लांब होतं ते मला ठाऊकच नव्हतं."

पुस्तक कपाटात होतं. पुस्तकाची गरजही नव्हती, ते वाक्य मला श्वासासारखं पाठ आहे. आता जगात ते तुझ्या-माझ्याखेरीज कोणाला पाठ नसेल. माझे ओठ हलले सुद्धा. मी ते मिटले आणि म्हटलं, "आप्पा, ते माझं नाही. ज्याचं आहे त्याने म्हणायचं. आणि समोर माणूस बसलेला लागतो."

ते खुर्ची ओढून बसले. माझ्याकडे तोंड करून, हात मांडीवर उघडे ठेवून.  मग म्हणाले, "त्याला लिही, ये म्हणावं. मी समोर बसेन. हवा तेवढा वेळ घे म्हणावं, या खेपेला मी मोजणार नाही."

तुझी
ताई